दोन शून्ये आणि एक किनारा

वैतरणेच्या मुखाजवळ वसलेल्या अर्नाळ्याची सरकारी माहिती अनेक दप्तरांत विखुरलेली आहे. शेता-वाड्यांच्या हद्दी भूमी अभिलेख विभागाकडे, जमिनीची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाकडे आणि समुद्राची खोली नौदलाच्या डेहराडूनच्या जलालेखन कार्यालयाकडे असते. किनारा नियमन क्षेत्राचे नकाशे पर्यावरण खात्याच्या अखत्यारीत येतात. ही माहिती जुळवून सर्वांच्या हाती देणे, हे राष्ट्रीय भूस्थानिक माहिती व्यवस्थेचे काम आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २००६ मध्ये मान्यता दिली.

मात्र दप्तरे उघडली की काम भागत नाही, कारण मोजणीची पद्धतच निरनिराळी आहे. मुंबई इलाख्यातील महसुली मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झाली; एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. आजची मोजणी उपग्रहांच्या आधाराने होते. जुनी हद्द नव्या नकाशावर बसवायची, तर जागेवरच्या पक्क्या खुणा शोधाव्या लागतात.

उंचीचा पेच याहून मोठा. जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. ही पातळी १९०९ साली ठरली, ती मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. सागरी नकाशातली खोली मात्र नीचतम ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून धरतात. अर्नाळा गाव आणि समोरचे किल्ल्याचे बेट यांच्यामधल्या पाण्यात ही दोन शून्ये एकत्र येतात. उधाणाचे पाणी कोणत्या घरापर्यंत चढेल, किनारा किती खचला, ओहोटीला होडीला पाणी पुरेल का, याचे उत्तर ती जुळल्यावरच मिळते.

धोरण आता मोकळे झाले आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांवरील, नकाशे व भूस्थानिक माहिती तयार करण्यासाठीच्या पूर्वपरवानगीची अट काढली. २८ डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने जमिनीच्या सूक्ष्म सर्वेक्षणासाठी २०३० आणि पाण्याखालील तळाच्या मोजणीसाठी २०३५ हे वर्ष ठरवले.

किनाऱ्यावरच्या गावांना याचा लाभ हवा असेल, तर प्रत्येक नकाशावर मोजणीची तारीख, आधारपातळी आणि अचूकतेची मर्यादा नोंदलेली हवी. वाळू सरकते, किनाररेषा बदलते. म्हणून फेरमोजणी नेमाने व्हावी आणि ग्रामपंचायतीला, मच्छीमार संस्थेला ती मराठीत, विनामूल्य पाहता यावी. सार्वजनिक पैशातून झालेल्या मोजणीवर पहिला हक्क, ज्यांचे घर त्या नकाशात आहे त्यांचाच असतो.