सुलतान बाजारची खानेसुमारी



डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की लोक साखर आणि गुडघेदुखीबद्दल ऐकायच्या तयारीने येतात. आज तसं काही नाही. होमिओपॅथीत गोळ्या देण्याआधी आम्ही रोग्याला तासभर विचारत बसतो : तुम्ही मूळचे कुठले, घरात कोण कोण, आजोबा कशाने गेले. तसंच आज सुलतान बाजारला विचारू.

आपल्यापैकी बहुतेकांचं जुनं घर तिथलं, नाहीतर बडी चावडी, कुतबीगुडा, काचीगुडा असं हाकेच्या अंतरावरचं. "सुलतान बाजार म्हणजे आपलाच," असं आपण सहज बोलून जातो. मीही बोलत असे. पण हा बाजार आपण वसवलेला नाही. 1798 च्या तैनाती फौजेच्या तहानंतर इंग्रजांचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने मुसीच्या उत्तर तीरावर, तटबंदीच्या शहराबाहेर, कोठी बांधवली. तिच्याभोवती जो बाजार वाढला तो रेसिडेन्सी बाजार. इथे निझामाचा नव्हे, रेसिडेंटचा अंमल चाले. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं पुष्कळसं तिच्यातून निघतं.

सावकाराला तिथे पैसा सुरक्षित वाटला, म्हणून गुजराती-मारवाडी पेढ्या आल्या. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन कोठीवर चालून गेले, तेव्हा त्यांनी समोरच्या सावकारांच्याच हवेल्या मोर्चासाठी धरल्या होत्या. पुढे पैशाच्या मागोमाग विचारही आला. शहरात सभा भरवायची तर परवानगी; 'गश्ती निशान 53' हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असत. रेसिडेन्सीच्या हद्दीत श्वास थोडा मोकळा होता. आर्य समाज इथे 1892 मध्ये आला. तेलुगू मंडळींचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् 1901 चं. आपली विवेकवर्धिनी 1907 ची. म्हणजे शेजाऱ्याचं ग्रंथालय आपल्या शाळेहून सहा वर्षांनी थोरलं. आपल्या स्मरणिकांत हे कधी छापून आलेलं मला आठवत नाही.

मराठी माणूस इथे आला कसा? 1901 च्या खानेसुमारीत निझामी राज्यात एक कोटी अकरा लाख लोक होते. त्यांत तेलुगू बोलणारे शेकडा सुमारे 46, मराठी 26, कन्नड 14 आणि उर्दू 10. दफ्तर आणि कचेरी मात्र उर्दूची. बीड, परभणी, नांदेडच्या मुलाला वकिलीची सनद हवी, नोकरी हवी, कॉलेज हवं, तर वाट एकच. त्याच सुमारास मनमाडची मीटरगेज लाइन झाली आणि 1916 मध्ये काचीगुड्याचं स्टेशन उभं राहिलं. वळकटी घेऊन उतरणारा माणूस लांब कुठे जाणार? स्टेशनाजवळ नात्यातलं बिऱ्हाड शोधायचा. केशवराव कोरटकरही परभणीकडचेच.

1933 मध्ये हा भाग निझामाकडे परत आला आणि सुलतान बाजार हे नाव पडलं. पण वस्तीचा रंग तोवर ठरून गेला होता. माझी मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते. तेही असंच मोठ्या शहराच्या कडेचं गाव. 1954 पर्यंत त्याचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. 1965 साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला नसता तर तिथल्या ओक ट्री रोडवर साड्यांची दुकानं दिसली नसती. माणसं वाऱ्यावर येत नाहीत, कुठेतरी एखादं कलम बदलतं तेव्हा येतात.

कलम बदललं की येणं थांबतंही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला, 1958 मध्ये औरंगाबादला विद्यापीठ झालं आणि परभणीच्या मुलाला काचीगुड्याला उतरण्याचं कारण उरलं नाही. भांडण नाही, दंगा नाही. फक्त झरा आटला. आज इथे बसलेले आपण बहुतेक त्या आधी भरलेल्या डोहातले.

माझ्या केसपेपरवर 'घरात बोलतात ती भाषा' असा एक रकाना मी पहिल्यापासून ठेवला आहे. आमच्या शास्त्रात रोग्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे असतात. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एक आजी आल्या. कानाने कमी, म्हणून नातूच बोलला, "पेट में दर्द है." मी त्याप्रमाणे औषध दिलं. उतार नाही. आठवड्याने त्या एकट्या आल्या आणि म्हणाल्या, "दुखत नाही रे बाबा, कालवतंय. संध्याकाळ झाली की जीव घाबरा होतो." औषधच वेगळं. तो आठवडा माझ्या चुकीने गेला. नातवाला 'कालवणं' हा शब्दच ठाऊक नव्हता.

आता घरची गोष्ट सांगतो. 2011 च्या जनगणनेला मी दवाखान्यात होतो, उत्तरं मुलाने दिली. आमच्या समाजात दर जनगणनेला मंदिराच्या फळ्यावर सूचना लागते : धर्माच्या रकान्यात 'जैन'च लिहवा. ते त्याने ठासून सांगितलं. मातृभाषेला म्हणाला, "हिंदी लिख लो." रात्री विचारलं तर उत्तर आलं, "बाबा, त्या बाईंना हिंदी समजत होती. सोपं पडलं." फळ्यावर भाषेबद्दल कोणी काही लिहिलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. आपल्यातल्या किती घरांत असं 'सोपं पडलं' असेल, याचा विचार करा. सरकारी आकड्यात आपण कमी दिसतो म्हणून मग आपणच हळहळतो.

आता 2027 ची जनगणना जाहीर झाली आहे. या खेपेला मीच दाराशी बसणार, असं मी घरात सांगून टाकलं. नात ऐकत होती. तिने विचारलं, "आजोबा, माझं काय सांगणार?" मी अर्थातच म्हणालो, मराठी. पण जनगणनेची व्याख्या अशी आहे की, लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. सूनबाई निजामाबादच्या, घर तेलुगू. नातीशी त्या तेलुगूतच बोलतात, अंगाईसुद्धा तेलुगूच होती. भिंतीपलीकडून मी ती ऐकली आहे.

तेव्हा आमच्या घराची नोंद अशी होईल : मी मराठी, मुलगा मराठी, सून तेलुगू, नात तेलुगू. नात माझ्याशी मराठी बोलते, ते 'इतर भाषा' या रकान्यात घालायला सांगेन. आपल्या घरची नोंद कोण सांगणार आहे, हे आज जेवताना एकदा विचारून ठेवा.