‘बसतं का?’ हा प्रश्नच सोडा: जुनी आरएक्स, दुसऱ्या बाइकचे पार्ट्स आणि व्हर्नियर

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज ठेवलाय, फक्त अडखळणं आणि मागचे हॉर्न काढलेत.)

आजचा भाग तुमच्या मेसेजेसमधूनच आलाय. गेले काही आठवडे इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतोय. ‘दादा, आरएक्सला डिस्क बसते का?’ ‘स्प्लेंडरला पल्सरचा शॉकअप बसतो का?’ ‘यझदीला अलॉय बसतात का?’

उत्तर सोपं आहे: बसतं. लेथ, वेल्डिंग आणि हातोडा असेल तर या देशात कशालाही काहीही बसतं! म्हणूनच ‘बसतं का’ हा प्रश्न बिनकामाचा आहे. खरा प्रश्न असा की जुनी बाइक आणि नवा पार्ट यांचा जोड नेमका कुठे घ्यायचा. आजचं सगळं बोलणं त्या एका जागेबद्दल आहे.

उदाहरण म्हणून आमच्या घरचीच बाइक घेऊ. यामाहा आरएक्स १००, १९९१ सालची, बाबांची. माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही बाइक भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ पर्यंत बनत होती. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. आजच्या हिशेबाने आकडे किरकोळ वाटतात, पण चालवलेल्या माणसाला विचारा. आणि या सगळ्याला थांबवायला पुढे ड्रम ब्रेक, मागेही ड्रम ब्रेक. पुढचा टायर २.५० बाय १८, म्हणजे सायकलचा मोठा भाऊ.

बाबांनी ती चालवली तेव्हाचा रस्ता वेगळा होता. आता मी तीच बाइक घेऊन खंबाटकी उतरतो, आणि आरशात दिसणारा ट्रकही ८० ने येत असतो. थोडं गणित करा. वेग ४० वरून ६० झाला तर वेग वाढला दीडपट, पण थांबवायची ऊर्जा वाढली सव्वादोनपट, कारण ती वेगाच्या वर्गात वाढते. म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर ब्रेकचा आहे. इंजिन शेवटी, सायलेन्सर यादीतच नाही.

‘ओरिजिनॅलिटी’वाल्यांसाठी एक गोष्ट. दुसऱ्या बाइकचे पार्ट्स लावणं हा काही गॅरेजवाल्यांनी काढलेला उद्योग नाही. कंपन्याही तेच करतात. राजदूत ३५० आठवते? १९८३ ला एस्कॉर्ट्सने आणली. मूळ जपानी यामाहा आरडी ३५०, तिला पुढे डिस्क ब्रेक होता. इथे खर्च कमी करायचा म्हणून ड्रम दिला. ३० हॉर्सपॉवरची बाइक आणि पुढे ड्रम! मग ज्यांनी त्या जपून ठेवल्या, त्यातले कित्येक आज पुढे डिस्क लावून फिरतात. म्हणजे कंपनीने काढलेला पार्ट मालकांनी परत लावला. तेव्हा बदल करणं पाप नाही. बिनहिशेबी बदल करणं महागात जातं.

आता मुद्द्यावर येऊ.

पहिला नियम: पार्ट एकटा येत नाही, कुटुंबासकट येतो.

डिस्क ब्रेक म्हणजे फक्त ती गोल प्लेट नव्हे. कॅलिपर आला, त्याचा पाइप आला, हँडलवरचा मास्टर सिलेंडर आला, त्याचा लिव्हर आला. मास्टर सिलेंडरचा पिस्टन आणि कॅलिपरचे पिस्टन यांच्या क्षेत्रफळाचं एक गुणोत्तर असतं, आणि ते कंपनीने ठरवलेलं असतं. समजा कॅलिपरला १२.७ मिलिमीटरचा मास्टर सिलेंडर हवा होता आणि जुन्या बाजारात तुम्हाला १४ चा स्वस्तात मिळाला. फरक दिसायला सव्वा मिलिमीटर. पण क्षेत्रफळात तो २१ टक्के होतो, म्हणजे तेवढ्याच ब्रेकसाठी बोटांना साधारण २१ टक्के जास्त जोर. लिव्हर हाताला कडक लागतो, मेकॅनिक म्हणतो ‘बघा, कसला टाइट ब्रेक झालाय!’, आणि ऐन वेळी बाइक थांबत नाही. म्हणून कॅलिपर, पाइप, मास्टर सिलेंडर एकाच डोनर बाइकचे घ्या. ब्रेक पॅड मात्र नवे, आणि मास्टर सिलेंडरचं किटही नवं. रबर जुनं घेऊ नका, कितीही चांगलं दिसू दे.

दुसरा नियम: जोड तिथे घ्या, जिथे कमीत कमी गोष्टी जुळवायच्या आहेत.

हा नियम मी ऑफिसात शिकलो. दोन सिस्टिम जोडताना मधल्या सीमारेषेवरून जितक्या कमी गोष्टी ये-जा करतील तितकं बरं. बाइकलाही हेच लागू. डिस्क लावायचे तीन रस्ते बघू.

रस्ता एक: आरएक्सचाच शॉकअप ठेवायचा आणि त्याच्या खालच्या नळीवर कॅलिपरसाठी पट्टी वेल्ड करायची. हे कधीही करू नका. ती नळी कास्ट अ‍ॅल्युमिनियमची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला धातू कमजोर होतो, आणि ब्रेक लावला की सगळा जोर नेमका तिथेच येतो. तडा बाहेरून दिसेलच असं नाही. पट्टी तुटली की कॅलिपर चाकाबरोबर फिरतो आणि स्पोक्समध्ये जातो. पुढचं सांगायला नको.

रस्ता दोन: शॉकअपच्या नळ्या डोनरच्या, पण टी आरएक्सची. आता नळीचा व्यास जुळवा, दोन नळ्यांमधलं अंतर जुळवा, चाकाची रुंदी जुळवा, एक्सल जुळवा. इथे सीमारेषा लांबलचक झाली.

रस्ता तीन: टीपासून खालचं सगळं डोनरचं. वरची टी, खालची टी, शॉकअप, एक्सल, चाक, डिस्क, कॅलिपर, मडगार्ड. आरएक्सचं उरतं काय? चेसिसची पुढची नळी, ज्यात कोनसेट बसतो. जुळवायच्या गोष्टी उरल्या मोजक्या: वरचा बेअरिंग, खालचा बेअरिंग, मधल्या दांड्याची लांबी आणि हँडल दोन्हीकडे वळल्यावर टेकायचा स्टॉपर. कुटुंब पूर्ण आलं, आणि चेसिसला एकही ओरखडा नाही. मी हाच रस्ता धरला.

‘मग कोणत्या बाइकचा फ्रंट घेतलास ते सांग ना!’ मुद्दाम सांगत नाही. कारण मॉडेलचं नाव पुरेसं नसतं. पल्सर १५० चंच बघा. सुरुवातीची पल्सर १८ इंची चाकांवर होती, नंतर १७ इंची अलॉय आले. नाव तेच, पुढचं सामान वेगळं. मी नाव सांगेन, तुम्ही वेगळ्या वर्षाचा सेट उचलाल, आणि मग मला शिव्या. त्याऐवजी मोजायला शिका. नाना पेठेत जा, जुन्या बाजारात जा, पण खिशात व्हर्नियर ठेवा. साधा चालतो.

मोजायचं काय? एक, चेसिसच्या नळीची उंची. दोन, वर-खाली बेअरिंग बसतो तिथला आतला व्यास. तीन, दोन्ही दांड्यांची लांबी, बेअरिंग बसण्याच्या जागेपासून. चार, शॉकअपची पूर्ण लांबी, वरच्या टीपासून एक्सलपर्यंत. पाच, चाकाचा बाहेरचा व्यास, टायरसकट.

दांडा जुळला नाही तर घाबरू नका. आरएक्सचा दांडा डोनरच्या खालच्या टीत प्रेस करून बसवता येतो. पण हे काम चांगल्या लेथवाल्या काकांचं आहे. ‘थोडं घासून ठोकून बसवतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि परत फिरा. हा दांडा म्हणजे तुमचं स्टीअरिंग आहे.

चौथं आणि पाचवं माप लोक सोडून देतात आणि मग म्हणतात बाइक ‘लहरते’. आरएक्सच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास आहे. पुढचा भाग २० मिलिमीटर खाली गेला तर पूर्ण बाइक जवळजवळ एक अंशाने पुढे झुकते. शॉकअपचा कोन तेवढा उभा होतो, हँडल हलकं होतं, आणि हायवेच्या वेगाला ते हलकेपण अंगावर येतं. उलट पुढचा भाग उचलला गेला तर वळणाला जड.

चाकाबद्दल एक गंमत. सगळ्यांना वाटतं १८ चं १७ केलं की बाइक खाली बसणार. हिशेब करा. २.५० बाय १८ चा टायरसकट व्यास साधारण ५८४ मिलिमीटर. ९०/९० बाय १७ चा साधारण ५९४. म्हणजे रिम एक इंच लहान, पण चाक मोठंच! एक्सल ५ मिलिमीटर वर. म्हणून नावातल्या इंचावर जाऊ नका, पूर्ण चाक मोजा.

आणि टायर जुना, कडक असेल तर डिस्कचा उपयोग नाही. ब्रेक चाक थांबवतो, बाइक थांबवतो टायर. टणक झालेल्या टायरवर डिस्क लावली तर चाक लॉक होऊन तुम्ही आधी खाली.

आता वायरिंग, थोडक्यात. डिस्कबरोबर लोक एलईडी हेडलाइटही आणतात. बऱ्याच जुन्या बाइक्सचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट कॉइलच्या एसी करंटवर असतो. म्हणूनच तो रेस दिली की वाढतो आणि सिग्नलला पिवळा पडतो. एलईडीला डीसी लागतो. त्यासाठी फुल-वेव्ह रेग्युलेटर हवा, आणि कॉइलचं इंजिनला जोडलेलं अर्थिंग सोडवून वेगळं आणावं लागतं. हे न करता नुसता बल्ब बदलला तर तो चमकत राहील आणि लवकर मरेल. आणि शंभर वॅटचा हॅलोजन तर नकोच. १२ व्होल्टला तो आठ अ‍ॅम्पिअरहून जास्त खातो, ३५ वॅटचा तीनपेक्षा कमी. जुनी कॉइल आणि तीस वर्षांची वायर हा भार कुठून आणणार?

तिसरा नियम: परत फिरता आलं पाहिजे.

माझ्या बाइकवर एकही गोष्ट कापलेली नाही. बाबांची अट फक्त एवढीच होती: ‘तुला काय लावायचं ते लाव, पण काढलेलं फेकू नकोस.’ जुना फ्रंट, ड्रम, केबल, स्पीडोमीटरची वायर, सगळं ऑइल लावून, लेबल चिकटवून ट्रंकेत ठेवलंय. दोन माणसं, एक दुपार, आणि बाइक पुन्हा १९९१ ची.

ही अट भावनिक वाटेल, पण तिच्यामागे एक अगदी रोकडा मुद्दा आहे: कायदा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला. कलम १८२-अ मध्ये परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दुसरं इंजिन, कापलेली चेसिस या गोष्टी तर सरळसरळ यात येतात. म्हणूनच मी इंजिनाच्या अदलाबदलीवर भाग करत नाही.

‘पण दादा, डिस्कने बाइक सुरक्षित होते ना?’ होते. आणि तरीही तो बदलच आहे. घाट म्हणतो ब्रेक बदल, कायदा म्हणतो विचारल्याशिवाय हात लावू नको. दोघांचंही बरोबर आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंगला बाइक उभी करावी लागते. तिथे अडकली तर आरसी गेली, आणि आरसी गेली की बाबांची बाइक म्हणजे अंगणातलं लोखंड. अपघात झाला आणि विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल, तर क्लेमवर बोट ठेवायला त्यांना आयतं कारण मिळतं. आणि समोर जखमी झालेल्या माणसाचं काय, याचाही विचार करा.

म्हणून माझी बाइक आज कुठे आहे, ते खरं सांगतो. डिस्कचा पूर्ण फ्रंट बसवून, मोजून, बंद आवारात तपासून झालाय. मग तो उतरवून ठेवलाय. आरटीओत लेखी विचारणा केलीय. उत्तर येईपर्यंत रस्त्यावर बाइक ड्रमवरच चालतेय.

आणि इथे एक अनपेक्षित फायदा झाला. थांबायचंच आहे तर म्हटलं ड्रम नीट करू. नवे लायनर, नवी केबल, ड्रम लेथवर अगदी हलका साफ, कॅमला ग्रीस, पुढे नवा टायर. सगळे पार्ट्स आरएक्सचेच, परवानगीचा प्रश्न नाही. फरक इतका पडला की बाबा एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘आता नवीन घेतली तेव्हासारखी थांबतेय.’ म्हणजे आपण ज्या ब्रेकला नावं ठेवत होतो, तो तीस वर्षं न बघितलेला ब्रेक होता. डिस्क अजूनही चांगली, यात वाद नाही. पण तुमच्या बाइकची तुलना नव्या बाइकशी करण्याआधी ती स्वतः जशी असायला हवी तशी आहे का, हे तपासा. कित्येकांचं काम तिथेच होऊन जाईल, तेही डोनर सेटच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात.

तर या आठवड्याचा गृहपाठ. पार्ट विकत घेऊ नका. व्हर्नियर घ्या, वही घ्या, मी सांगितलेली पाच मापं स्वतःच्या बाइकवर घ्या आणि मला पाठवा, मॉडेल आणि वर्षासकट. पुरेशी आली तर पुढच्या एका भागात आपण सगळ्यांचा मिळून एक तक्ता करू, म्हणजे ‘बसतं का’ याला ऐकीव नाही, मोजलेलं उत्तर असेल.

हेल्मेट घाला, टायरची हवा बघा. भेटू पुढच्या भागात!