नाणे सापडते, ठिकाण हरवते
(रेडिओवरील भाषण)

२०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असिरगडाच्या आसपास रात्र पडली की शेतांत टॉर्च लुकलुकू लागत. त्याआधीच्याच महिन्यात ‘छावा’ चित्रपट आला होता आणि त्यात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग होता. त्यातच महामार्गाच्या कामात निघालेली माती शेतात टाकली गेली आणि तीत मोगली नाणी निघाल्याची आवई उठली. मग काय, कुदळी, फावडी, चाळण्या घेऊन माणसे लोटली. काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते. बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, तेव्हा नाणी निघणे काही अशक्य नव्हते. पण शेतमालकाच्या वाट्याला सकाळी आले ते खड्डे, आणि मागोमाग पोलीस.

मेटल डिटेक्टरचे हे यंत्र आता घरपोच मिळते. त्यामुळे जबलपूरच्या ओमतीत राहणाऱ्या एखाद्याला जुनी नाणी शोधण्याची हौस सुचली, तर यंत्र हातात यायला आठवडाही लागायचा नाही. अडचण त्यानंतर सुरू होते.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असलेली चकती असते. तिच्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की खालच्या मातीत चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातू आला की त्या धातूतही बारीक भोवरे-प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल चकतीला लागते. कानातला आवाज चढा आला तर बहुधा चांदी किंवा तांबे, आणि खर्जातला आला तर लोखंड. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये याच तत्त्वावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधून पाहिली होती. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राला चकवले असे सांगतात.

ओमतीत तर स्प्रिंगांचीच वस्ती आहे म्हणायची. घंटाघर, कोर्टकचेऱ्या, दुकाने, आणि या सगळ्या गर्दीतून वाट काढणारा ओमती नाला. अशा जागी यंत्र चालू केले की ते गप्प बसतच नाही. सळया, नळ, वायरी, बाटल्यांची बुचे, गुटख्याच्या पुड्यांची चंदेरी. यातली ॲल्युमिनियमची चंदेरी सर्वांत त्रासदायक, कारण तिचा आणि सोन्याच्या बारीक अंगठीचा आवाज जवळपास सारखा येतो. यंत्राला ‘चंदेरी नको’ असे सांगता येते, पण मग अंगठीही हातची जाते. शिवाय काळ्या मातीत लोहयुक्त खनिजे असतात आणि तीही कुरकुर करतात. म्हणून काम सुरू करण्याआधी चकती जमिनीवर वरखाली करून यंत्र त्या मातीशी जुळवून घ्यावे लागते. एवढे करूनही साध्या यंत्राला रुपयाएवढे सुटे नाणे कळते ते फार तर वीतभर खोलीपर्यंत. जाहिरातीत मीटरच्या गोष्टी असतात, त्या हंड्याएवढ्या वस्तूंच्या.

यंत्र नव्हते तेव्हाही हा धंदा होताच. सराफ्याच्या गल्लीत पहाटे गटाराकाठची धूळ झाडून नेणारे झारेकरी जुन्या माणसांनी पाहिलेले आहेत. पसरट घमेल्यात पाणी घ्यायचे, घमेले हळूहळू फिरवायचे, हलका गाळ कडेवरून सांडू द्यायचा, आणि तळाशी उरलेल्या काळ्या रेघेत सोन्याचा कण शोधायचा. नर्मदेच्या घाटांवरची पोरे तर त्याहून चलाख. दोरीला चुंबक बांधून ती पाण्यात फेकतात आणि भाविकांनी वाहिलेली नाणी ओढून काढतात. हे जमते, कारण अलीकडची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. चांदीचा राणीछाप रुपया किंवा तांब्याचा ढब्बू पैसा असल्या चुंबकाला दाद देत नाही. तिथे मेटल डिटेक्टरच हवा.

आता प्रश्न उरतो तो कुठे शोधायचे याचा. हौशी माणसाचा पहिला मोह तेवर. जबलपूरहून भेडाघाटच्या वाटेवर सुमारे बारा किलोमीटरवरचे हे गाव म्हणजे प्राचीन त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. कलचुरींच्या आधीच्या काळातली, ब्राह्मी अक्षरांत ‘तिपुरी’ असे नाव कोरलेली तांब्याची नाणी या नगरीची. अकराव्या शतकातल्या गांगेयदेवाने बसलेली लक्ष्मी असलेले सोन्याचे नाणे पाडले, आणि त्याची नक्कल पुढे चंदेल आणि गाहडवाल राजांनीही केली. मराठी माणसाला तेवर आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. १९५२ च्या सुमारास सागर विद्यापीठाच्या वतीने इथे उत्खनन केले ते मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी, आणि कलचुरींचे शिलालेख-ताम्रपट एकत्र संपादून छापले ते नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी.

आणि तिथल्या मातीत एवढा इतिहास आहे, नेमक्या याच कारणाने तेवरला यंत्र घेऊन जायचे नाही. दीक्षितांसारखा संशोधक माती थराथराने उतरवतो. कोणत्या थरात कोणते खापर, त्याच्याशेजारी कोणते नाणे, यावरून त्या थराचा काळ ठरतो. वीतभर खड्डा करून नाणे उपसले की हातात उरते ती तांब्याची चकती, आणि तो थर कायमचा मुका होतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२० पासून सर्वेक्षणाचे स्वतंत्र मंडळ जबलपुरातच आहे, म्हणजे विचारायला लांब जायला नको.

साठा एकत्र राहिला तर काय होते, याचा दाखला नाशिक जिल्ह्यातला आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचा पैसा जिंकणाऱ्याने स्वतःच्या नावाने चालवल्याचा एवढा ढळढळीत पुरावा क्वचित मिळतो. हीच नाणी दहा-दहा, वीस-वीस करून सराफाकडे मोडीत गेली असती, तर चांदीचा भाव आला असता, एवढेच. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सापडलेला सातवाहन साठा मिराशींनी अभ्यासला, तेव्हा पुराणांच्या याद्यांत नसलेली राजनावे पुढे आली. १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपूरहून चाले, आणि मध्य प्रांतातले असे अनेक साठे नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, पोचले. ते पोचले, कारण कुणीतरी वर्दी दिली होती.

वर्दी देणे ही मर्जीची बाब नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की सापडवणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे: काय सापडले, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची, नाहीतर मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. लपवली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मालक कोणी निघाला नाही आणि आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर तिच्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. इतिहासाची किंमत या हिशेबात धरलेली नाही, आणि कायद्याचे खरे दुखणे तेच आहे. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात बक्षीस बाजारभावाच्या हिशेबाने ठरते. त्याच्या आधीच, १९९२ मध्ये, सफोकमधल्या हॉक्सन गावी एक माणूस शेतात हरवलेला हातोडा शोधत होता. यंत्राने रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी दाखवली. त्याने थोडे खणले, मग हात आवरला आणि कळवले, म्हणून संशोधकांना नाणी ज्या पेटीत पुरली होती तिच्यातली मांडणीसुद्धा टिपता आली. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तेव्हा ओमतीतल्या नवख्याने हातोड्यापासूनच सुरुवात करावी. स्वतःचे किंवा परवानगी दिलेले अंगण, लग्नाच्या मांडवानंतरचे मैदान, शेजारणीचे हरवलेले पैंजण. आधी आपल्याच हाताने चार नाणी, खिळा, बूच आणि चंदेरी पुरून कान तयार करावा. गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून उचलावा आणि काम झाल्यावर पुन्हा दाबून बसवावा. मिळालेले नाणे चिंच-मिठाने घासू नये, कारण तांब्यावरच्या हिरव्या थरातच कधी कधी अक्षरांच्या कडा टिकलेल्या असतात.

नाणी वाचायला शिकायचे तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिचे संग्रहालय पाहावे. ‘बालानगर गढा’ असे टांकसाळीचे नाव असलेले मराठ्यांचे रुपये कसे ओळखावेत, हे यंत्र सांगत नाही.

आणि एक टोळी सगळ्या शहरांत फिरते, तिच्यापासून जपावे. कामावर खणताना हंडा सापडला, स्वस्तात देतो, अशी तिची बतावणी असते. दाखवायला आणलेले पहिले नाणे अस्सल असते, पुढची पितळी निघतात. चांदीच्या राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि व्यास सुमारे साडेतीस मिलिमीटर. झिजून वजन थोडे उतरते, चढत मात्र नाही. सराफाचा छोटा काटा त्यासाठी पुरतो.