पाटीवर नसलेले नाव

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोलकात्यासमोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्यातील शिवपूर येथे एक जुनी बाग आहे. जुनी माणसे तिला अजूनही ‘कंपनी बागान’ म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल रॉबर्ट किड याने १७८७ मध्ये तिची स्थापना केली. आज तिचे नाव ‘आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान’ असे आहे. शंभर हेक्टरांहून अधिक पसरलेल्या या उद्यानात थंडीच्या दिवसांत सुट्टीच्या सकाळी कितीतरी कुटुंबे येतात. नोकरीच्या निमित्ताने बंगालमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात. अशा कुटुंबाने त्या बागेतून काय घेऊन परतावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही बाग मुळात मौजेसाठी लावलेली नव्हती. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती. दुष्काळात उपयोगी पडतील अशी साबुदाण्याच्या ताडासारखी झाडे येथे रुजवावीत, जहाजांसाठी साग वाढवावा आणि व्यापारासाठी मसाल्याची झाडे आणावीत, असे किडच्या मनात होते. त्याच्यामागून १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग आला. त्याने वनस्पतींची शास्त्रशुद्ध वर्णने लिहिली आणि ती लिहिताना लॅटिन नावांबरोबर संस्कृत, बंगाली, तेलुगू अशी देशी नावेही नोंदवली. झाड कोणते, ते कोठे उगवते, त्याचा उपयोग काय, हे त्या झाडाच्या सावलीत राहणाऱ्यालाच ठाऊक असते आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्याच्या भाषेतूनच जाते.

ही वाट त्याहूनही जुनी आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी त्यासाठी माहिती पुरविली. त्या तिघांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे लिनीयसने ज्या ग्रंथाचा आधार घेतला, त्याच्या पायाशी आपापल्या भाषेत झाडांना हाक मारणारी माणसे उभी होती.

आता त्या बागेत शिरलेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजी आहे, मुलगा आणि सून आहेत, दोन नातवंडे आहेत. झाडावरच्या पाटीवर लॅटिन नाव असते, कुळाचे नाव असते, कोठे स्थानिक नावही असते. मराठी नाव मात्र नसते, आणि ते असावे अशी अपेक्षाही तेथे धरता येत नाही. ते नाव घरच्यांनीच सोबत न्यावे लागते.

एका झाडाचे शास्त्रीय नाव ‘अल्स्टोनिया स्कोलॅरिस’. बंगालीत त्याला ‘छातिम’ म्हणतात. मुले ते नाव ऐकून असतात, कारण शांतिनिकेतनातील छातिमतला प्रसिद्ध आहे. आजी वर पाहते आणि सहज म्हणते, “अगं, ही तर सातवीण!” नात पाने मोजू लागते. एका पेरावर चक्राकार बसलेली पाने बहुधा सात भरतात. मराठी नावाने जे सांगितले ते डोळ्यांनी पडताळून पाहता येते. ‘स्कोलॅरिस’ या शब्दातही एक गोष्ट दडलेली आहे. या झाडाच्या लाकडाच्या पाट्या शाळकरी मुले लिहिण्यासाठी वापरीत, म्हणून हे नाव. एका नावात पाने आहेत, दुसऱ्यात शाळा आहे. ज्या मुलाला दोन्ही नावे कळली त्याला झाड दोन बाजूंनी दिसले.

ताडगृहात सेशेल्स बेटांवरचे एक दुर्मीळ झाड १८९४ पासून अनेक वर्षे जपलेले होते. मराठीत त्याच्या फळाला ‘दर्याचा नारळ’ म्हणत आले आहेत. झाड कोणी पाहिलेले नव्हते. समुद्र मात्र ते अवजड फळ किनाऱ्यावर आणून टाकी, तेव्हा ते दर्यातच पिकत असावे असे लोकांना वाटले. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांचे शतकांचे नवल या दोन शब्दांत साठलेले आहे. हे शब्द ज्या घरातून गेले, त्या घरातून ते नवलही जाते.

मग सारे त्या विख्यात वडापाशी येतात. त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक, म्हणजे बागेपेक्षाही जास्त. त्याच्याभोवती ३३० मीटर लांबीचा वर्तुळाकार रस्ता बांधला गेला, तर झाड तोही ओलांडून बाहेर पसरले. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांवाटे बुरशी शिरली आणि अखेर १९२५ मध्ये मुख्य खोडच कापून काढावे लागले. आज मध्यभागी खोड नाही. जमिनीत रुजलेल्या तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर संपूर्ण वृक्ष उभा आहे.

नातू म्हणतो, “आजी, बंगालीत ह्याला ‘झुरि’ म्हणतात.” आजी म्हणते, “आणि आपल्याकडे पारंबी. आम्ही सूरपारंब्या खेळायचो. ज्याच्यावर राज्य असेल तो सूर आणायला धावला, की बाकीच्यांनी पारंब्या धरून भराभर झाडावर चढायचं.” मग सूर म्हणजे काय, राज्य कोणावर यायचे, वटपौर्णिमेला गावातल्या वडाभोवती दोरा कसा गुंडाळीत, हे सारे ओघाने निघते. कुंपणापलीकडचा वड आता त्या मुलाचा होतो. ‘झुरि’ आणि ‘पारंबी’ या शब्दांचे त्याच्या मनात भांडण होत नाही. दोन्ही तेथे सुखाने राहतात.

परप्रांतात मराठी शाळा चालविणाऱ्यांना त्या वडाविषयी वेगळे काही सांगण्याची गरज नाही. मूळ खोड दूर राहिले तरी झाड जगते, पण प्रत्येक पारंबीने स्वतः जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे, ही त्याची अट असते. अधांतरी लोंबणारी पारंबी कोणाचाही भार घेऊ शकत नाही. तीन पिढ्यांपूर्वी आजोबांना मराठी येत होती, एवढ्याने नातवाची मराठी टिकत नाही. शाळा पाच-सहा तास देते. उरलेली जमीन घराने द्यायची असते.

मराठी माध्यमात घातले तर मूल विज्ञानात मागे पडेल, ही पालकांच्या मनातील धास्ती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिचे एक उत्तर त्या बागेच्या प्रवेशद्वारावरच लिहिलेले आहे. ज्यांचे नाव बागेला दिले आहे, त्या जगदीशचंद्रांना त्यांच्या वडिलांनी, भगवानचंद्रांनी, प्रथम बंगाली शाळेत घातले. मुलांना इंग्रजी शाळेत पाठविणे ही तेव्हा प्रतिष्ठेची खूण होती; तरीही स्वभाषा आणि आपली माणसे आधी कळली पाहिजेत, असा भगवानचंद्रांचा आग्रह होता. त्या शाळेत शेजारी बसणाऱ्या कोळ्याच्या आणि चपराशाच्या मुलांकडून जगदीशचंद्रांनी पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी ऐकल्या. निसर्गाविषयीचे कुतूहल तेथेच जागे झाले, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. त्यानंतर ते इंग्रजी शिकले, केंब्रिजला गेले, जगभर नावाजले गेले आणि बंगालीतूनही लिहीत राहिले. एका उदाहरणाने प्रत्येक मुलाची हमी मिळत नाही. मातृभाषेतून केलेली सुरुवात विज्ञानाच्या आड येत नाही, एवढे मात्र त्यावरून निश्चित कळते.

पालकहो, प्रत्येकाला शिवपूरला जाणे जमेलच असे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. ज्या गावी शाळा आहे, त्या गावी एखादी बाग असेल, निदान शाळेच्या वाटेवर चार झाडे असतील. एखाद्या रविवारी घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन तेथे जावे. मुलाने पाटीवरचे नाव वाचावे, शेजाऱ्याला त्याच्या भाषेतले नाव विचारावे आणि आजीने मराठी नाव सांगावे. आजीला आठवले नाही, तर घरी येऊन कोश उघडावा. तिन्ही नावे वहीत एकाखाली एक लिहावीत. मराठी शाळेतल्या मुलाची अशी एक वही भरली, तर हीरक महोत्सवाला त्याहून चांगली भेट दुसरी नसेल.