सर्व्हरची नाडीपरीक्षा

पुण्याहून मनमाडकडे रेल्वेनें जाणाऱ्या प्रवाशांना दौंड जंक्शनचा एक अनुभव कित्येक वर्षें हटकून येत असे. गाडी वेळेवर दौंडला पोहोंचे, पुढचा मार्ग मोकळा असे, इंजिनांत कांहीं दोष नसे. तरीहि गाडी फलाटावर उभीच राही. मनमाडचा फांटा तेथें अशा रीतीनें फुटतो कीं, इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोंकाला जोडल्यावांचून तिला त्या दिशेस जातां येत नसे. दौंड–मनमाड मार्ग १८७८ सालीं सुरू झाला; जंक्शन टाळून गाडीला थेट फांट्यावर नेणारा कॉर्ड लाईनचा जोडमार्ग मात्र अलीकडचा. तो होण्यापूर्वीं कितीहि जोरकस इंजिन आणलें असतें, तरी हा खोळंबा टळला नसता. दोष वेगांत नव्हता, जोडणींत होता.

'सर्व्हर डाऊन आहे' हे शब्द कानीं पडले कीं मला दौंडच्या त्या गाडीची आठवण होते. सर्व्हर म्हणजे दूर कोठें तरी बसविलेला, हजारों लोकांच्या मागण्या एकाच वेळीं पुरविणारा संगणक. बँकेचा व्यवहार असो, रेल्वेचें तिकीट असो कीं सातबाराचा उतारा असो, आपली गांठ आतां त्याच्याशींच आहे. तो मंदावला म्हणजे खिडकीपलीकडून हे तीन शब्द येतात आणि विचारणाऱ्याचें तोंड बंद होतें. पण कोणतें अंग मंदावलें, केव्हांपासून आणि कशामुळें, हे प्रश्न तसेच राहतात. त्यांचीं उत्तरें कशीं मिळवितात, तें आज मला सांगावयाचें आहे.

एक कल्पित प्रसंग घेऊं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानें स्वतः शेतांत जाऊन आपल्या मोबाईलवरून पिकाची नोंद छायाचित्रासह करावी, अशी ती योजना. पीकविमा, नुकसानभरपाई यांच्या वेळीं ही नोंद कामास येते. दौंडला लागूनच असलेल्या शिरूर तालुक्यांतला एखादा शेतकरी मुदतीच्या अखेरच्या दिवशीं बाजरीच्या बांधावर उभा आहे आणि त्याची नोंद पुढें जात नाहीं, असें समजा. दुपारभर तो थांबतो. दुसऱ्या दिवशीं अभियंता सर्व्हर तपासावयास बसतो, तों यंत्र सुरळीत चाललेलें! वैद्य दारांत यावा आणि ताप उतरावा, तसा हा प्रकार. रोग गेला, पण त्याची खूणहि राहिली नाहीं.

म्हणूनच या विद्येंतला पहिला नियम असा कीं, निदानाची तयारी दुखणें येण्यापूर्वीं करून ठेवावी. सर्व्हरच्या कामगिरीचें पृथक्करण करणाऱ्या आज्ञावलींत 'निदानकार्यें' आधींच रचून ठेवतां येतात. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्यें त्यांना डेटा कलेक्टर सेट म्हणतात. निदानकार्य म्हणजे यंत्राला दिलेली एक नेमकी सूचना: काय मोजावयाचें, किती वेळानें मोजावयाचें, केव्हां आरंभ करावयाचा आणि केव्हां थांबावयाचें.

काय मोजावयाचें, हें आपल्या प्रश्नावर ठरतें. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क हीं चार अंगें तर पाहावींच. पण कोण कोणासाठीं थांबला आहे, तेंहि पाहावें. दौंडला नुसतें इंजिन तपासून काय कळलें असतें?

किती वेळानें मोजावयाचें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक, पण फसवा आहे. लिनक्सवर 'सार' नांवाचें एक साधन आहे. तें सामान्यतः दर १० मिनिटांची सरासरी नोंदवितें. आतां, नऊ मिनिटें प्रोसेसर २० टक्के कामांत आणि एक मिनिट पुरता १०० टक्के गुंतलेला असेल, तर सरासरी निघते २८ टक्के. कागदावर सर्व क्षेमकुशल. पण त्या एका मिनिटांत हजारों माणसें ताटकळलेलीं! उलट दर सेकंदाला सर्व कांहीं मोजूं लागलों, तर मोजण्याचाच भार यंत्रावर पडतो.

यांतून वाट काढतां येते. एक हलकें निदानकार्य नेहमीं चालूं ठेवावें आणि एक सखोल निदानकार्य निजवून ठेवावें. उत्तर मिळण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागूं लागला, कीं पहिल्यानें दुसऱ्यास जागें करावें. अशी मर्यादा ठरवून देण्याची सोय या साधनांत असते. मग रात्रीं दोन वाजतां बिघाड झाला तरी त्याची नोंद होते.

आणि थांबण्याची अट तर कधींहि विसरूं नये. इतका वेळ झाला, किंवा नोंदींचा आकार इतका झाला, कीं काम थांबावें; जुन्या नोंदी ठराविक मुदतीनें पुसल्या जाव्यात. नाहीं तर निदानासाठीं गोळा केलेल्या नोंदींनींच डिस्क भरून जाते आणि औषधच रोग होऊन बसतें. प्रत्येक निदानकार्याला नांव, हेतु व जबाबदार माणूस हवा. कोणीं, कशासाठीं सुरू केलें हें कोणालाच ठाऊक नाहीं, असें काम बंद करण्यास कोणी धजत नाहीं.

आतां आपल्या शेतकऱ्याकडे वळूं. अमेरिकन विद्वान् जॉन लिटल यांनीं १९६१ सालीं रांगांविषयीं एक साधा नियम सिद्ध केला: दर सेकंदाला येणाऱ्या मागण्यांना प्रत्येकीस लागणाऱ्या वेळानें गुणलें, म्हणजे आंत एकूण किती मागण्या आहेत तें सरासरीनें कळतें. सेकंदाला ५० मागण्या आणि प्रत्येकीस पंचमांश सेकंद, तर आंत १०. तोच वेळ चार सेकंदांवर गेला, तर २००! येणारी माणसें वाढलेलीं नसतांहि रांग वीसपट झाली.

आपलें निदानकार्य त्या दुपारीं जागें झालें असतें, तर कदाचित् असें दिसलें असतें: प्रोसेसर २० टक्केच कामांत, डिस्क शांत, नेटवर्क मोकळें, मात्र सर्व नोंदी एका कुलपापाशीं अडलेल्या. ऐन कामाच्या वेळीं कोणी तरी एक मोठें काम चालविलें आणि त्यानें नोंदींचा तक्ता आपल्यापाशीं अडवून धरला. उपाय काय? नवें यंत्र विकत घेणें नव्हे. तें काम रात्रीं चालविणें. दौंडचाच धडा!

हें ताडण्यासाठीं आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे चांगल्या दिवसाची नोंद. निरोगी माणसाची नाडी ज्यानें पाहिली नाहीं, त्याला ज्वराची नाडी काय कळणार? यंत्र सुरळीत चालतें तेव्हांहि एखादा आठवडा त्याची नोंद घेऊन ती जपून ठेवावी.

श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांना हीं कामें स्वतः करावयाचीं नाहींत. पण आपण खातेदार आहांत, प्रवासी आहांत, नागरिक आहांत. पुढल्या वेळीं 'सर्व्हर डाऊन' हे शब्द ऐकाल, तेव्हां सौजन्यानें एवढेंच विचारा: 'काय अडलें आहे आणि त्याची नोंद होत आहे ना?' खिडकीवरच्या कारकुनाला उत्तर ठाऊक नसेल. त्याचा दोषहि नाहीं. पण हा प्रश्न वारंवार वर गेला, तर निदानाची तयारी ठेवणें कोणाला तरी भाग पडेल. बांधावर उभ्या असलेल्या माणसाची दुपार वाया गेली, तर निदान ती कशामुळें गेली हें तरी त्याला कळावें. आणि पुढल्या हंगामांत तीच दुपार पुन्हा वाया जाऊं नये.