रडायला जागा ठेवणारी उपासना

एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, शेळ्या आणि शिलाई मशीन यांवर बोलते. आजचा विषय जरा वेगळा आहे. आमच्या बचत गटांत काही ख्रिस्ती बायका आहेत, मीही त्यांतलीच. अहिल्यानगर जिल्ह्यात आणि जालन्याकडे गावोगाव आमच्या लहान लहान मंडळ्या आहेत. चर्चला जमणाऱ्या माणसांना आम्ही मंडळी म्हणतो. कुणाच्या घरी मोठं दुःख झालं की पाळकसाहेब भगिनी मंडळाला सांगतात, "या रविवारची उपासना तुम्ही बसवा." कोणती गाणी घ्यायची, कोणता शास्त्रपाठ वाचायचा, प्रार्थना कुणी करायची, हे मग आम्ही बायका ठरवतो. त्या ठरवण्यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली, ती आधी सांगते.

आमच्या वाडीतल्या एका वहिनीचा नवरा किडनीच्या आजाराने दोन वर्षं अंथरुणाला होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात न्यायचं, गाडीभाडं, औषधं. मंडळीने त्यांच्यासाठी उपवास-प्रार्थना केल्या. बरे होणार, असं सगळे ठामपणे म्हणत होते. ते गेले. पुढच्या रविवारी सांत्वनाची उपासना होती आणि ती बसवली मी. मंडळी खचायला नको म्हणून तीन गाणी विजयाची घेतली, ढोलकी-झांजेसकट. मग वहिनीच्या हातात माइक दिला आणि म्हटलं, "वहिनी, दोन शब्द साक्ष द्या." ती उभी राहिली, "देव चांगला आहे" एवढंच म्हणाली आणि खाली बसली. बाहेर पडताना कुणीतरी तिला ऐकू जाईल असं बोललं, की विश्वासात काहीतरी कमी पडलं असणार.

त्यानंतर पाच महिने ती चर्चला आली नाही, गटाच्या बैठकीलाही नाही. हप्ता थकला म्हणून मी घरी गेले. तिने चहा केला, पैसे मोजून दिले आणि म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला रडूसुद्धा दिलं नाहीत गं."

तिचं खरं होतं. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारपाजारचे, सोयरे भाकरी-पिठलं घेऊन जातात. त्याला आपण कडू घास म्हणतो. गोड घास कुणी म्हणत नाही. घास कडूच आहे, पण आम्ही तुझ्यासोबत बसून तो खातो, असा त्याचा अर्थ. मी मात्र उपासनेत वहिनीला पहिल्याच दिवशी पेढा भरवायला निघाले होते.

मग मी शास्त्र पुन्हा उघडलं. खरं सांगायचं तर तोवर मी त्यातली धीराची वचनं तेवढी अधोरेखित केली होती. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी नुसत्या तक्रारीची आहेत. १३ वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं, पण सुरुवातीलाच 'हे कुठवर चालणार' असा प्रश्न देवाला चार वेळा विचारलेला आहे. भरवशाची भाषा येते ती शेवटच्या दोन वचनांत. ८८ व्या स्तोत्रात तर तीही येत नाही, ते अंधारातच संपतं. हे लिहिणारा देवाला सोडून गेलेला नाही बरं का. तो देवाशीच भांडतो आहे. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी कोण भांडत बसेल?

रूथच्या पुस्तकातली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून गावी परत येते, तेव्हा बायकांना सांगते की मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ एक शब्द न बोलता बसले. त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून त्याला छळलं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या उपदेश करणाऱ्यांवर. ओरडणाऱ्या ईयोबाने माझ्याविषयी योग्य ते बोललं, असं तो म्हणतो. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते.

वर्षाच्या आठवणीला वहिनीसाठी पुन्हा उपासना ठेवायचं ठरलं. या वेळी मी आधी तिच्याकडे गेले आणि विचारलं, "तुला चालेल का? नवऱ्याचं नाव घ्यायचं का? तू कुठे बसशील?" ती म्हणाली, नाव घ्या, मला बोलायला लावू नका, मी दाराजवळ बसेन. दाराजवळची जागा मोलाची असते. उठून जावंसं वाटलं तर माणूस जाऊ शकतो.

भगिनी मंडळाची बैठक माझ्या ओट्यावर झाली. थोडी वादावादीही झाली. एक काकू म्हणाल्या, "माणसं आधीच दुःखी, त्यांना आणखी रडवायचं कशाला?" त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. म्हणून ठरलं की शेवट अंधारात करायचा नाही, पण शेवटाकडे घाईने पळायचंही नाही.

सुरुवातीला गाणं घेतलं नाही. पाळकसाहेबांनी आपण कशासाठी जमलो ते साध्या शब्दांत सांगितलं. मग १३ वं स्तोत्र वाचलं. 'कुठवर' हा प्रश्न चार बायकांनी चार कोपऱ्यांतून उठून वाचला, त्यांत सत्तरीच्या एक आजी होत्या आणि दहावीतली एक मुलगी. नंतर दोन मिनिटं शांतता. दोन मिनिटं किती लांब असतात ते घड्याळ लावून बसलात तर कळेल. पेटीवाल्या दादांचा हात दोनदा भात्याकडे गेला, मी डोळ्यांनीच थांबवलं. पोरं चुळबुळली. मागून हुंदका आला, आणि तो वहिनीचा नव्हता. तीन वर्षांपूर्वी मूल गेलेली दुसरीच एक बाई होती, तिच्यासाठी आम्ही कधी काही केलंच नव्हतं.

मग प्रत्येकीने आपलं दुःख चिठ्ठीवर लिहिलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी एका मुलीच्या कानात सांगून लिहून घेतलं. चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत, हे आधीच जाहीर केलं होतं. त्या घडी घालून वेदीपुढच्या परातीत ठेवल्या.

शास्त्रपाठ घेतला योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय. लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया दोघी बहिणी येशूला एकच गोष्ट सुनावतात, की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. येशू त्यांना गप्प करत नाही. पुढे काय होणार हे माहीत असूनही तो आधी रडतो. पाळकसाहेबांना मी हात जोडून दहाच मिनिटं दिली होती. 'देवाची इच्छा', 'देव परीक्षा घेतो' आणि 'विश्वास कमी पडला' ही तीन वाक्यं टाळा, अशी विनंतीही केली होती. ते हसले, पण त्यांनी पाळलं.

गाणी दोनच, 'उपासना संगीत'मधली, संथ चालीची आणि सगळ्यांना पाठ असलेली. दुःखात नवीन गाणं शिकवू नये, माणूस शब्द शोधत बसतो.

मध्यस्थीच्या प्रार्थनेनंतर एक वही फिरवली. वहिनीची कांदा लागवड पुढच्या आठवड्यात होती. कोण एक दिवस देणार? अकरा नावं आली, त्यांत आमच्या गटातल्या ख्रिस्ती नसलेल्या चौघी. इर्जिकीला धर्म कशाला लागतो? या बाबतीत मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली भुकेने मरत होत्या, तेव्हा त्याच बाईने तिथून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्तिसदनात त्यांची सोय केली. त्यांच्याकडे प्रार्थनेशेजारी भाकरी असायची.

आणखी एक, आणि हे सगळ्याच गटांसाठी. दुःखात बुडालेली बाई जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर नुसती प्रार्थना करून घरी येऊ नका. तिला एकटी सोडू नका, डॉक्टरकडे न्या. टेली-मानस नावाची सरकारी मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६, फोन करायला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा.

वहिनी त्या दिवशी शेवटपर्यंत बसली. आता ती दर रविवारी येते असं नाही, महिन्यातून एकदा-दोनदा येते आणि दाराजवळच बसते. गटाच्या बैठकीला मात्र नेमाने येते. येत्या उत्तम शुक्रवारची उपासना बसवायला आम्ही मागच्या मंगळवारी जमलो, तेव्हा ती आपणहून आली. कोणता पाठ घ्यायचा यावर चर्चा चालली होती. ती म्हणाली, "८८ वं घ्या, मी वाचते. त्यावर कुणी काही बोलू मात्र नका."

आम्ही वहीत तसंच लिहून घेतलं आहे.