पहिला संशयित



सोलापुरात गड्ड्याची यात्रा नुकतीच झाली, आता तुमच्या कॉलेजचं गॅदरिंग. अशा आनंदाच्या दिवसांत मी दुःखाबद्दल बोलणार आहे, पण रहस्यकथेच्या वाटेनं.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि धनंजय या त्यांच्या नायकांच्या कथांसाठी आम्ही वाचनालयात ताटकळायचो. पुस्तक हाती यायचं तेव्हा पानांचे कोपरे मुडपलेले आणि मागच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहिलेलं! त्या वाचनानं एक गोष्ट मनात पक्की बसवली: ज्याच्यावर पहिला संशय येतो, तो बहुधा गुन्हेगार नसतो.

घरातलं माणूस गेलं की आपण नेमकं हेच विसरतो. ‘त्या रात्री फोन उचलला असता तर’, ‘दवाखान्यात एक दिवस आधी नेलं असतं तर’... तपास सुरू होण्याआधीच आपण स्वतःला दोषी ठरवून मोकळे होतो.

रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीचंच बघा. १९२६च्या एप्रिलमध्ये तिची आई गेली. लेक पोहोचण्याआधीच गेली. आईचं घर आवरता आवरता ती खचली, त्यातच नवऱ्यानं घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री ती मोटार घेऊन निघाली. मोटार बेवारस सापडली. ती स्वतः सापडली १४ तारखेला, हॅरोगेटच्या हॉटेलात, भलत्याच नावानं राहताना. आत्मचरित्रात या दिवसांबद्दल अवाक्षर नाही. मात्र त्यानंतर, मन लागत नसतानाही, तिनं ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ लिहून पुरी केली. ती कादंबरी तिला कधीच आवडली नाही, पण आपण खऱ्या अर्थानं व्यावसायिक लेखक झालो ते तेव्हाच, असं तिनं सांगितलं. दुःखातही तिनं ते लिहून पुरं केलं, म्हणून तिच्या सगळ्या गाजलेल्या पुस्तकांपेक्षा मला हे नावडतं पुस्तक मोठं वाटतं.

पण प्रत्येक दुःखाचा उलगडा होतोच असं नाही. आपल्याकडे १९६३ साली ‘कोसला’ ही कादंबरी आली. तिच्यात नायक पांडुरंगची धाकटी बहीण मणी जाते. तिथं कुणी झुंजार येत नाही, उलगडाही होत नाही. म्हणून ती पानं आजही जिव्हारी लागतात.

अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून इथं शिकायला आलेल्यांना मुद्दाम सांगतो: घरून वाईट बातमी आली, तर स्वतःवर आरोप ठेवण्याआधी साक्षीदारांना विचारा. आईला, मावशीला, तपासणाऱ्या डॉक्टरांना. मग ते सगळं लिहून काढा, हवं तर रहस्यकथा म्हणून. तुमच्या वार्षिकांकाच्या संपादकांना मी विनंती केली होती. पुढच्या अंकात अशा कथेसाठी चार पानं राखायचं त्यांनी कबूल केलं आहे.